अकरा अंगठे

माझा बाप अहमदपूरच्या मोंढ्यात हमाल होता. दुष्काळ म्हटलं की लोकांना भेगाळलेली रानं आठवतात, मला रिकामा मोंढा आठवतो. रानात पिकलं नाही तर मोंढ्यात पोतं येत नाही, आणि पोतं आलं नाही तर हमालाच्या पाठीला काम नाही. बहात्तरच्या साली बाप गावाहून चालत जायचा, आडतीच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसायचा आणि तसाच परत यायचा. मग माय सडकेच्या कामावर खडी फोडायला गेली. मी तिच्यासोबत असायची. तिथं वाटायची ती सुकडी खाऊन मी ते साल काढलं. मायच्या शेजारी आमच्याच गल्लीतली एक बाई बसायची, नवरा वारलेली. तिला मी मावशी म्हणायची. माय थकली की मावशी आपल्या ढिगातली दोन टोपली खडी गुपचूप मायच्या ढिगावर टाकायची.

हे मी कधी लपवलं नाही. नांदेडला एम.ए. केलं तेव्हाही नाही, पुढं एम.फिल.ला असताना विद्यापीठाच्या मुलाखतीतही नाही. विद्यार्थ्यांच्या संशोधनाला अनुदान मिळायचं, त्यासाठी ती मुलाखत होती. माझा विषय दुष्काळी कामांचं राजकीय अर्थशास्त्र. म्हणजे काम कुठं निघतं, कुणाला मिळतं आणि ते ठरवतं कोण. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "हाच विषय का?" मी म्हणाले, "माझी माय ह्याच कामावर होती, सर." पुढं कुणी काही विचारलं नाही. मंजुरीचं पत्र मी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं.

अनुदानाचा दुसरा हप्ता प्रश्नावल्या भरून दाखवल्यावर मिळणार होता. त्यात विद्यापीठातल्या बाबूची अट, की प्रत्येक प्रश्नावलीवर सही नाहीतर अंगठा पाहिजे, घरी बसून भरल्या नाहीत कशावरून? म्हणून मी नांदेडहून शाईचा पॅड घेतला आणि गावाकडच्या बसमध्ये बसले.

त्या साली पुन्हा पाऊस गेला होता आणि लातूर जिल्हा नवा होता. लोकांना वाटायचं, जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादला, दुष्काळी कामाच्या यादीत जे नाव कधी लागलं नाही ते आता लातूरला लागणार. मी कागद आणि पॅड घेऊन मावशीच्या ओसरीवर बसले तशा बायका जमल्या.

"काय लिहायलीस माय?" एकीनं विचारलं.

"घरात खाणारी किती, काम किती दिवस न्हाई, ते."

"मंजे लातूरची यादीच की."

दुसरी म्हणाली, "मग काय! न्हाईतर आंगठा कशाला घेतील? शाई लई झाली म्हून?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

तिथंच सांगायला पाहिजे होतं, की हे लातूरचं नाही, सरकारचंही नाही, माझ्या पदवीचं आहे. मी सांगितलं नाही. आदल्या दिवशी पलीकडच्या गल्लीत खरं सांगितलं होतं, तर बायका "मग आमाला काय त्येचं?" म्हणत उठून गेल्या होत्या. इथं मावशीनं मला पाटावर बसवलं, लांबून आणलेल्या पाण्यातलं तांब्याभर पाणी दिलं आणि सगळ्यांना बजावलं, "पोरगी आपली हाय. खरं खरं सांगा, नाव लागंल." अकरा अंगठे झाले. मी नांदेडला परत आले.

माझ्या मागं पंधरवड्यानं गावात दवंडी झाली. पाझर तलावाचं काम निघणार, काम पाहिजे त्यानं चावडीवर येऊन तलाठ्याकडं अर्ज करावा. ह्या अकराजणी गेल्याच नाहीत. अंगठा दिला म्हणजे नाव लागलं, हे आमच्याकडं पक्कं. आणि दोनदा अंगठा दिला तर लागलेलं नाव कटतं, हेही तितकंच पक्कं. काम सुरू झालं आणि यादीत नाव नाही म्हणून मुकादमानं त्यांना परत पाठवलं.

मी प्रश्नावल्यांच्या दुसऱ्या फेरीला आले तेव्हा मायनं दारातच धरलं. "आल्या का लातूरच्या साहेबीण?"

मला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. "महिना झाला बाया घरी बसल्यात. मुकादम इचारतो, आंगठा कुणाला दिला? तुझी मावशी म्हंती, याद न्हाई. तुझं नाव घेतलं न्हाई तिनं."

"मी यादी आहे असं म्हणाले नव्हते, माय."

"न्हाई असं म्हणाली व्हतीस का?"

मावशी मोंढ्यातली झाडणी सुपात घेऊन मातीतून ज्वारीचा दाणा दाणा वेचत होती. मला बघून म्हणाली, "कागद अजून लातूरला पोचला न्हाई का गं?"

मी खरं काय ते सांगितलं. तिनं सुपातला हात थांबवला. "मग आमचा आंगठा कुठं हाय?"

"माझ्या पिशवीत."

"मग काढ की. त्योच दे मुकादमाला."

तसं चालत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी अकरा अर्ज लिहिले आणि सगळ्यांना घेऊन अहमदपूरच्या तहसिलीत गेले. कारकून म्हणाला, "इतके दिवस झोपल्या होत्या का?" उत्तर मी द्यायचं होतं. मावशीच म्हणाली, "हाव साहेब, झोपलोच व्हतो."

दुसऱ्या फेरीच्या कागदात एक प्रश्न होता, दवंडी झाली तेव्हा काम मागितलं होतं का? त्या अकराजणींपुढं मी "नाही" लिहिलं. ते खोटं नव्हतं. मार्गदर्शक सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "गरज असून मागत नाहीत! महत्त्वाचं निरीक्षण आहे. कारण काय असेल?"

मी म्हणाले, "अज्ञान, सर."

प्रबंधात तसंच टाइप झालं आणि आजही तसंच आहे. मावशी आता नाही. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं मी तिच्याबद्दल काय लिहिलं ते तिला कळलं नाही. मायलाही मी ते पान कधी वाचून दाखवलं नाही. मंजुरीचं पत्र मात्र दाखवलं होतं.

त्या अकराजणींची नावं पुढं हजेरीपटावर लागली आणि पाऊस पडेपर्यंत त्यांना काम मिळालं. मला दुसरा हप्ता मिळाला, एम.फिल. मिळालं, लातूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली.