पपनसाची फोड

मथुराबाईंचा मंडईत फळांचा गाळा होता. रोज सकाळी प्रत्येक ढिगातलं एक फळ फोडून स्वतः चाखल्याशिवाय त्या विकायच्या नाहीत. गिऱ्हाइकानं "गोड आहे ना?" विचारलं, तर "मग मी काय सकाळपासून उपास धरलाय?" असं ऐकून घ्यावं लागे. बाई मूळच्या वारज्याच्या, पण बोलण्याच्या तिखटपणात पुण्याच्या पेठांना भारी.

स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या. डॉक्टर अवनींनी समजावलं होतं, "पेशीत रिसेप्टर असतो, खुर्चीसारखा. इस्ट्रोजेन हे हार्मोन त्यावर बसलं की गाठ वाढते. जुनी गोळी ती खुर्ची अडवायची. आता खुर्चीच बदललीय. कुणी बसलं नाही तरी गाठ वाढवते. ही नवी गोळी खुर्चीच मोडते. पण अजून तिची चाचणी चालू आहे. आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही."

"ते इलायती फळ मी ठेवतच न्हाई," मथुराबाई म्हणाल्या होत्या. गोळी लागू पडली. पाठीचा ठणका कमी झाला, त्या पुन्हा गाळ्यावर बसू लागल्या. गणपतीत पपनसं आली.

आज ईसीजी बिघडलेला निघाला.

"दुसरं औषध घेतलंत? काढा? ग्रेपफ्रूट?" डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. जाड साल, आत गुलाबी फोडी. मथुराबाईंनी ओळखलं. हे तर पपनसाचं सख्खं भावंड! सांगितलं तर पथ्य मोडलं म्हणून चाचणीतून बाहेर काढतील. नाही सांगितलं, तर दोष गोळीवर जाईल आणि गोळीच बंद होईल.

"पपनस खाल्लं, बाई. रोज. चाखायला."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "तेही चालत नाही. त्यानं गोळी रक्तात साचत गेली, हृदयाचे ठोके बिघडले. मी नाव घेऊन सांगायला हवं होतं." मग हात पुढे केला. "उरलेल्या गोळ्या द्या. ठोके ताळ्यावर येईपर्यंत बंद. पुढे परत सुरू करायची चाचणीवाल्यांकडे परवानगी मागते, पण खात्री देत नाही."

मथुराबाईंनी गोळ्यांची पिशवी पोटाशी घट्ट धरली.

"तवर ती खुर्ची बी थांबंल का, बाई?"

डॉक्टरांचा हात तसाच पुढे राहिला.