गेरूची रेघ

दादा, म्हणजे माझे वडील, जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचे शिपाई होते. घरपट्टी मागायला तेच दारोदार फिरत. पावती ग्रामसेवकाच्या हातची असे, कारण दादांना सहीपुरतीच अक्षरं येत. पण पट्टी भरली की ते दाराशेजारच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढत. एका वर्षाची एक. दिवाळीला चुना मारताना बायका तेवढी जागा सोडून हात फिरवत. रेघ आहे म्हटल्यावर पावती कोण जपतंय? ती बहुतेक घरांत चुलीत जायची. मला मात्र दादांच्या त्या लाल बोटांची लाज वाटे.

दोन हजार साल उलटलं आणि पंचायतीत संगणक आला. मी रोज जीपने तालुक्याला जाऊन कोर्स केला होता, म्हणून घरपट्टीच्या नोंदी भरायचं काम मला मिळालं. माझा रुबाब काय विचारता! शेवटच्या वर्षाची वही आणि पावतीपुस्तकं गळक्या पत्र्याखाली भिजलेली. खालच्या गल्लीची पानं वाचताच येत नव्हती. मी ते रकाने मोकळे सोडले. संगणकाने मोकळा रकाना म्हणजे थकबाकी असं धरलं आणि मी शहाणीने ती यादी न तपासता फळ्यावर लावली.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली पंचायतीत. पैसे शिपायाच्या हातात दिले, असं जो तो सांगत होता. नवे ग्रामसेवक नुसते दादांकडे बघत राहिले. दोन महिन्यांनी दादा निवृत्त होणार होते आणि त्यांना चोर ठरवणारा कागद त्यांच्याच लेकीने छापला होता. मला रडू आवरेना.

दादा चपला घालत म्हणाले, "रडून काय व्हतंय? वही भिजली, भिंती तर हायेत. चल जल्दी."

ग्रामसेवकही आमच्यासोबत निघाले. मागच्या वर्षांच्या वह्या धड होत्या. त्यांच्याशी ताडून पाहिलं तर दारोदारी बरोबर एक रेघ जास्त. फक्त एका भिंतीवर ती नव्हती आणि त्या घरधन्याने आपण भरली न्हाई, असं खाली मान घालून कबूल केलं. संध्याकाळी रेघ असलेल्या घरांची पट्टी आणि वहीतल्या धड पानांची रक्कम यांची बेरीज बँकेत भरण्याच्या स्लिपांशी जुळवली. पैसाही इकडचा तिकडे नव्हता. ग्रामसेवकांनी स्वतःची खुर्ची दादांपुढे सरकवली. त्या लाल बोटांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

नोंदी कशाच्या आधारे भरल्या, ते शेऱ्यात लिहा, असं ग्रामसेवक म्हणाले. मी लिहिलं आणि नवी यादी छापली. दादांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हितं काय लिव्हलं?"

"गेरूची रेघ पाहून खात्री केली," मी वाचलं.

दादांचं बोट तसंच राहिलं.

"अजून एकबार वाच," ते म्हणाले.