जि. उदगीर

शिवमूर्ती पहिल्यांदा भेटला तो उदगीरच्या स्टेशनवर. माझी पावलं सुजली आहेत हे त्याला फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं. लातूरची गाडी यायच्या आत त्यानं माझी साखर, रक्तदाब, रात्री किती वेळा उठतो आणि वडील कशानं गेले, हे सगळं काढून घेतलं. साखर दोनशे ऐंशी म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला, की पोत्यात हात घातल्यावर तूर टपोरी निघाली तर आडत्याचाही तसा उजळत नसेल. मला बिनसाखरेचा चहा पाजून तो म्हणाला, "सर, लई कामाचा माणूस हाय तुम्ही." एवढ्या मनापासून माझं कौतुक आमच्या घरातही कुणी केलेलं नाही.

त्याचं काम असं. कंपन्यांना नवी औषधं माणसांवर तपासून पाहायची असतात आणि त्यासाठी दवाखाने लागतात. अशी एखादी चाचणी डॉक्टर मडिवाळप्पांच्या दवाखान्यात आणायची, म्हणून शिवमूर्ती हैदराबादच्या कचेऱ्यांत जाऊन बसायचा. सोबत उदगीरच्या किल्ल्याचं चित्र असलेलं कॅलेंडर आणि किलोभर तूरडाळ. डाळ ठेवून घेत आणि त्याला वाटेला लावत. तरी तो पुन्हा जायचा, कारण घरी रत्नम्मा होती. थोरली बहीण. आई गेल्यावर खानावळीच्या भाकरी थापून तिनं याला वाढवलं होतं आणि आता साखरेनं तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. त्याच दुखण्यावरच्या गोळीची चाचणी निघाली होती. अर्ध्यांना खरी गोळी मिळते, अर्ध्यांना नुसती, बिनऔषधाची, आणि कुणाला कुठली ते कुणालाच कळत नाही, हे डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. "अर्ध्यात अक्का बसंल की," तो म्हणाला. हैदराबादला सारख्या खेपा घालणं तिला झेपण्यासारखं नव्हतं. चाचणीच उदगीरला यायला हवी होती.

आणि ती जवळपास आलीसुद्धा. कंपनीच्या बाई पाहणीला आल्या तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकरखाली घागरी भांडत होत्या. शिवमूर्तीनं अख्खा टँकर दवाखान्याच्या टाकीत रिकामा केला. बाईंनी नळ सोडला, पाणी आलं. शेजारच्या चार बायका ते पाणी बघायला दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं, पेशंट. पसंती झाली.

आता राहिले कागद. त्याच उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. गुलाल आणून ठेवला होता. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, इतकंच काय नव्या मुतारीवरही 'जि. उदगीर' रंगवून झालं होतं. शिवमूर्तीनंही कंपनीच्या सगळ्या कागदांवर तेच लिहिलं आणि डॉक्टरांनी छाती फुगवून सह्या ठोकल्या.

दवाखान्याच्या नोंदणीवर मात्र जिल्हा लातूर. कंपनीनं विचारलं, एका दवाखान्याला दोन जिल्हे कसे? आणि उदगीर नावाचा जिल्हा सरकारी यादीत नाही, तर हा दवाखाना तरी आहे का?

तो माझ्याकडं आला. "सर, आपण खोटं लिहिलं का?"

"खोटं नाही रे. जरा लवकर लिहिलंस."

त्याला हसू आलं नाही. मलाही नंतर आलं नाही.

कागद दुरुस्त करून पुन्हा पाठवले. पण रुग्णांचा आकडा सगळ्या शहरांचा मिळून एकच असतो आणि जो आधी भरेल त्याचा. आमचे कागद टेबलावरून टेबलावर फिरत होते तोवर हैदराबाद-पुण्यानं तो भरून टाकला. उदगीरची गरज नाही, असं कळवलं. आभारही मानले होते.

हे रत्नम्माला सांगायला शिवमूर्तीनं मला सोबत नेलं. तिच्या चेहऱ्यावर सूज होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तम्मा, मग जिल्हा झाला म्हंजे घेतील का मला?"

"हाव अक्का," तो म्हणाला.

पोळ्याच्या आधी ती गेली. शिवमूर्ती आता लातूरला एका क्लाससाठी विद्यार्थी गोळा करतो. पगार वेळेवर होतो.