मोतीलालच्या धाब्यावरचे बोळे

झुलालला चिडण्यासाठी वेगळं कारण लागत नसे. वैशाख संपत आला, सातपुड्याच्या अंगाला एखादं करडं ढगाचं बोट दिसलं की तो आपोआप चिडायचा. कारण त्या दिवशी गावातल्या चाळीस घरांना एकदमच आठवण व्हायची, की आपल्या धाब्याला पन्हळी आहेत आणि त्या अजून साफ व्हायच्या आहेत.

"काय वं, आठ महिने ह्या पन्हळी कोठे गयतात का?" तो बायकोला विचारी. "आठेच होत्यात ना? मंग आजच काबरं बठ्ठ्यास्ले आठवन उनी?"

भागाबाई भाकरी थापता थापता म्हणे, "जा जा. नही गयात तर घरमा बशीसन मनावरच चिडशात."

शिरपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं ते गाव. भोवती साग, मोहडा, निंब आणि कुणी न लावता उगवलेले हजार पिंपळ. घरं सगळी धाब्याची, म्हणजे वरून सपाट मातीची. त्यावर दरवर्षी खारी माती टाकून चोपायची, कडेनं वीतभर कठडा, आणि कठड्यातून पाणी बाहेर पडायला सागाच्या कोरलेल्या पन्हळी. जंगलातला पाला वर्षभर उडत येऊन नेमका त्या पन्हळींतच मुक्काम करी. पन्हळ तुंबली की धाब्याचं तळं व्हायचं, आणि मातीचं धाबं तळं फार वेळ डोक्यावर घेऊन बसत नाही.

तर ह्या पन्हळी काढायचं काम बावीस वर्षं झुलालचं. त्याच्या बापानंही तेच केलं होतं. सुगीला घरटी ज्वारी मिळायची, त्यावर त्याचं घर चालायचं. पन्हळींनी त्याला काय काय दाखवलं नाही! एकदा निंबा नावाच्या गड्याच्या पन्हळीत हात घातला तर आत भोपळ्याचा वेल रुजलेला, निंबा खालून ओरडतो, "वढू नको, फूल लागेल शे!" एकदा आत धामण निघाली. ती झुलालला घाबरली की झुलाल तिला, हे ठरायच्या आत दोघेही वेगवेगळ्या बाजूंनी खाली होते. आणि ताईबाईचं तर विचारूच नका. ती शिडीच्या तळाशी उभी राहून सांगायची, "पाय हलका ठेव रे भाऊ, खारी आतेच टाकेल शे."

"मंग काय उडीसन जाऊ, ताईबाई? दे पंख!"

पण ह्या सगळ्याहून त्याचं डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे बोळे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की धाब्यांवर वाळवणाचा बाजार भरतो. पापड, कुरडया, शेवया, धुऊन वाळत घातलेले उडीद. उडीद घरंगळत पन्हळीतून खाली अंगणात जातात, कोंबड्यांची दिवाळी होते. म्हणून बायका प्रत्येक पन्हळीच्या तोंडात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबतात. चांगला ठोकून. वाळवण उचलून डब्यात भरतात, माहेरवाशिणी सासरी जातात, आणि बोळा राहतो तिथेच. कुठल्याच घरात तो काढायची आठवण कुणाला झालेली झुलालनं पाहिली नव्हती. पाला तो दहा मिनिटांत काढायचा. अर्धा दिवस जायचा तो बोळे उपसण्यात. दरवर्षी तो प्रत्येक अंगणात उभा राहून सांगायचा, "बाईसाहेब, घाला तर काढा बी!" आणि दरवर्षी प्रत्येक बाई पदर तोंडाला लावून हसायची.

मग आलं एकोणीसशे बत्तीस साल, आणि त्या सालात आला पत्रा.

मोतीलाल हा गावातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. अखाजीच्या आधीच कापूस विकायला धुळ्याला गेला, तिथं देवपुरात एका घराला पत्र्याच्या पन्हळी बघितल्या, आणि येताना पत्र्यासकट कादरलाच बैलगाडीत बसवून घेऊन आला. कादर पत्र्याचं काम करणारा, हाताचा मोठा साफ. त्यानं तीन दिवसांत तिन्ही सागाच्या पन्हळी उतरवल्या आणि चकाचक पत्र्याच्या बसवल्या, खालपर्यंत नळासकट. सांध्याला कथलाचा असा डाग दिला की बोट फिरवलं तर सांधा सापडू नये. गाव बघायला लोटलं.

दुसऱ्या दिवशी मोतीलालनं झुलालला पारावर गाठलं.

"झुलाल, यंदा मनाकडे इऊ नको. पत्रा गुळगुळीत शे. पाला सोता घसरीसन खाले जास."

"आबा, पत्राले काय हात शेत का, सोताना कचरा सोता काढाले?"

"देखशी तू!" मोतीलाल म्हणाला आणि मिशीवरून असा हात फिरवला की जणू मिशीही पत्र्याचीच बसवून आणली होती.

इतकं असतं तर झुलालनं सोडून दिलं असतं. एक घर गेलं, एकोणचाळीस राहिली. पण गाव हुशार. निंबा म्हणाला, "थांब भो, मोतीलालनं काय व्हस ते देखू, मंग ठरावू." ताईबाई म्हणाली तेच. बघता बघता अर्धं गाव थांबलं. मोतीलालचं धाबं एक पाऊस कोरडं राहिलं की पुढच्या वैशाखात सगळीकडे पत्रा, आणि झुलालनं पन्हळी उपसायचा बापाचा लोखंडी आकडा खुंटीला लावून घरी बसायचं. त्यावर कहर असा की थांबलेल्या लोकांच्या पन्हळी तुंबलेल्याच होत्या, आणि तेच लोक रस्त्यात झुलालला विचारत होते, "काय रे, पानी कव्हय ई?"

"माले इचारी ऱ्हायनात?" तो म्हणे. "पत्राले इचारा!"

पाणी आलं एका भर दुपारी. कादर त्या दिवशी गावातच होता, ठरलं तर हवं म्हणून निंबाच्या पन्हळींचं माप घेत. आभाळ असं कोसळलं की समोरची भिंत दिसेना. तासाभरानं ओसरलं आणि झुलाल आपल्या दारात तंबाखू मळत बसला होता, तर कुंदाबाईची हाक आली. कुंदाबाई म्हणजे मोतीलालची बायको. मोतीलालनं कधीच हाक मारली नसती; त्याचा ताठा आडवा आला असता. पण कुंदाबाई दारात उभी राहून वेशीपर्यंत जाईल असा आवाज काढत होती.

"झुलालभाऊऽ! पळत या हो! बठ्ठं घर वलं व्हई गयं!"

भागाबाईनं खुंटीवरचा आकडा काढून नवऱ्याच्या हातात ठेवला. झुलाल गेला, पण पळत नव्हे. चांगला सावकाश गेला.

अंगणात मोतीलाल भिजून उभा, समोर कादर, भोवती आपापली गळकी घरं सोडून गंमत बघायला गोळा झालेलं गाव. माजघरात धाब्यातून धारा लागलेल्या, गाद्या-वाकळी बाहेर आणून टाकलेल्या, आणि पत्र्याचे तिन्ही नळ ठणठणीत कोरडे. एक थेंब नाही.

"हाऊ तुना पत्रा!" मोतीलाल ओरडत होता. "गाव मनावर हासी ऱ्हायनं! काढ हाऊ, आतेना आते काढ!"

"शेठ, खुदा की कसम, एक सांधा दाखवा गळका," कादर काकुळतीला आला होता. "पाणी नळात येतच नाही, तर नळ काय करील?"

"धाबं बसी जाई," झुलाल म्हणाला. "घरमा कोन्ही ऱ्हाऊ नका." आणि शिडी लावून वर चढला.

वर गुडघ्याच्या खाली येईल एवढं तळं. पानं तरंगताहेत, त्यात एक कुरडईसुद्धा. तो जपून, भिंतीच्या रेषेवरून, पहिल्या पन्हळीपाशी गेला. पत्र्याच्या तोंडात हात घातला.

कापड.

बावीस वर्षं ज्या गोष्टीनं त्याचं डोकं फिरवलं, ती त्याच्या बोटांनी डोळे मिटून ओळखली. लुगड्याचा हिरवा काठ, घट्ट पिळलेला, ठोकून बसवलेला. नव्या कोऱ्या, गुळगुळीत, धुळ्याहून आणलेल्या पत्र्याला बोळा!

त्यानं तो ओढला. घळघळ करत पाणी नळात गेलं. खाली लोक "पानी उनं, उनं" म्हणाले. आणि झुलाल बोळा हातात धरून थांबला.

कठड्याआड ओणव्या झुलालच्या हातातलं खालून कुणाला दिसत नव्हतं. खाली मोतीलाल म्हणत होता, "पत्रा काढी टाक आन तुना रस्ता धर. झुलालना हातनी सर कोन्हीले येवाव नही." बावीस वर्षांत मोतीलालच्या तोंडून असलं वाक्य निघालं नव्हतं. झुलालनं बोळा पिळला आणि हळूच कमरेला धोतरात खोचला. बस. तीन बोळे कमरेला, पाणी गेलं, पत्रा वाईट, चाळीस घरं परत आपली. कुणी विचारणार नाही. कादर काय, धुळ्याचा. त्याला काम कमी आहे का?

दुसरा बोळा निघाला. तोही त्यानं खोचला.

तिसरा निघेना. हा लुगड्याचा नव्हता, मोतीलालच्या बाह्यांसकट अख्ख्या बंडीचा होता, आणि बाईनं तो बहुतेक मुसळानं ठोकला होता. झुलालनं आकडा लावला, बंडीची बाही फाटून हातात आली. पुन्हा लावला, दुसरी बाही आली. पाय घसरला, तो बसला पाण्यात, कमरेचे दोन्ही बोळे गार पोटाला टेकले. तो उठला, दात-ओठ खाऊन आकडा आत घातला आणि बंडी गळ्यासकट उपसून काढली. आणि मग त्याला चाळीस घरं दिसली नाहीत, ज्वारी दिसली नाही. त्याला फक्त बोळा दिसला. बावीस वर्षांचे सगळे बोळे दिसले.

"हाऊ बोया कोनी घाला?" तो कठड्यावर उभा राहून गरजला. "पत्राले बोया! नवा कोरा पत्राले! अरे, शरम शे का नही?" आणि बंडी त्यानं भिरकावली ती बरोबर मोतीलालच्या पायाशी पडली. मागोमाग कमरेचे दोन्ही.

फेकून झाल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. पण बोळे खाली होते आणि तो वर.

कादरनं बंडी उचलली, उलटीपालटी केली, आणि आकाशाकडे बघून दोन्ही हात वर उचलले.

कुंदाबाईला मात्र शरमबिरम काही वाटलेली दिसली नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी घाला. दरवरीस मीच घालस, तुम्ही काढतस. यंदा उनात नही ते काबरं?"

"आबांनीच इऊ नको सांगं, अक्का."

कुंदाबाई हळूहळू नवऱ्याकडे वळली. असं वळणं मोतीलालच्या ओळखीचं असावं, कारण तो एक पाऊल मागं सरला.

"आहो, पत्रा बसाडा, माणूस काढी टाका, आन माले एक शबद बोलनात नही?"

"माले काय माहीत, तू पत्राले बी..."

"पन्हळ शे म्हनजे बोया व्हईच! उडीद काय पत्रा देखीसन थांबतस?"

हसण्याचा असा लोट उठला की ताईबाईला भिंतीला टेकावं लागलं. कादर डोळे पुसत म्हणाला, "शेठ, पत्र्याला डाग द्यायचा हे माझं काम. पण बोळ्याची आठवण ठेवणारं मशीन धुळ्यात काय, मुंबईतही मिळत नाही. ते तुमच्या धाब्यावर उभं आहे."

पत्रा राहिला. पुढल्या वर्षी अकरा घरांना लागला, आणि निंबानं पत्रा बसवायला सांगताना कादरला विचारलं की कचरा आपोआप जाईल ना, तर कादरनं सांगितलं, "आधी झुलालभाऊला विचारून या, तो येणार का. मग बसवतो." बायकांनी तर विचारायलाही कुणाला पाठवलं नाही. त्यांच्या लेखी झुलाल गेलाच कुठे होता?

त्या वैशाखात तो मोतीलालच्या धाब्यावर चढला, पन्हळीतून ओळीनं तीन बोळे उपसले, आणि कोपऱ्यात बघतो तर कठड्यावर चौथा ठेवलेला.

"अक्का," तो खालती ओरडला, "पन्हळी तीन, आन हाऊ चौथा कसाले?"

"असू द्या भाऊ," कुंदाबाई चुलीपुढून म्हणाली. "त्यातला एखादा तुमना कमरमा खोचीसन हरपी जाई म्हनीसन."

झुलाल धाब्यावरच खाली बसला आणि कपाळाला हात लावला.