भिंतीपलीकडचं पाणी

शिरूर कासारच्या कडेला आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा नवऱ्यानं सगळ्यात आधी जमिनीखालचं गॅरेज आखलं. त्याच्या दोन जीप भाड्यानं चालायच्या. उन्हात उभ्या राहून त्यांच्या सीटा फाटायच्या, टायर तडकायचे. प्लॉट लहान आणि रस्त्याकडे उतरता. तेव्हा घर वर आणि जीप खाली, असं त्यानं ठरवलं. मुरूम खणून चारी बाजूंनी काँक्रीटच्या भिंती ओतल्या. त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. टँकर यायचा, हौद भरायचा आणि मी पाइप घेऊन भिंती भिजवत बसायची.

पाणी मारणं थांबवल्यावर भिंती पांढरट पडल्या. मागच्या भिंतीवर मात्र काळपट ओल राहिली. दाराएवढी रुंद आणि माझ्या खांद्यापर्यंत उंच. तिची वरची कड पाणसळ लावून आखावी तशी सरळ होती. भर मे महिना, गावातले बोअर आटलेले, आणि आमची भिंत ओली.

"काँक्रीट नीट बसलं नसेल तिथं," नवरा म्हणाला. "बाहेरून लेप दिला की बंद होईल."

बाकीच्या तिन्ही भिंतींना बाहेरून लेप देऊन झाला होता. मागची भिंत मुरमाला टेकवूनच ओतलेली, त्यामुळे तिच्या पलीकडे खणायचं राहिलं होतं.

एका दुपारी मी झाडू घेऊन खाली गेले. आत चांगलाच गारवा होता, वर छत ओतलं होतं म्हणून एवढा गारवा असेल असं मला वाटेना. झाडता झाडता टक् असा आवाज आला. रिकामं भांडं दगडाला लागावं तसा. थोड्या वेळानं पुन्हा आला, ओलीच्या जागेतूनच. मिस्त्रीनं पलीकडे खणायला घेतलं असेल म्हणून मी झाडूच्या दांड्यानं भिंतीवर दोनदा ठोकलं. आवाज थांबला. मग पलीकडून दोनदा आला.

मी वर आले. मिस्त्री आणि त्याची माणसं लिंबाखाली भाकरी खात बसली होती. टिकाव-फावडी त्यांच्या पायाशीच पडलेली.

"खणायला घेतलं का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. ऊन उतरू द्या की," मिस्त्री म्हणाला.

मी आवाजाचं सांगितलं. त्या दिवशी त्यानं खणलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा उभा राहिला तेव्हा काम सुरू झालं. थोडं खणल्यावर टिकाव फरशीवर आदळला. एक फरशी कलली, आत गेली, आणि खालून पाण्याचा आवाज आला. सगळे मागे सरले. आमच्या भिंतीपासून हातभर अंतरावर दगडी बांधणीची विहीर होती, पाण्यानं भरलेली. पाणी हेलकावत होतं आणि त्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची निळी घागर कडेच्या दगडांना लागत होती. टक्, टक्.

"हा घे तुझा आवाज," नवरा हसून म्हणाला.

"काल पाणी कुणी हलवलं?" मी विचारलं.

ज्या म्हाताऱ्यानं आम्हाला प्लॉट विकला होता, त्याला बोलावणं धाडलं. दरवर्षी घरादारासकट ऊसतोडीला जाणारा माणूस. तो आला, वाकून आत बघितलं.

"हीर व्हती हितं, पर कोरडी," तो म्हणाला. "ढोरं पडू नयेत म्हून फरशा टाकून माती लोटली. इकताना सांगायचं ध्यानातच आलं न्हाई."

मिस्त्रीनं आकड्यानं घागर ओढून वर घेतली. तिच्या गळ्यापाशी वितळलेल्या प्लॅस्टिकचा काळा डाग होता. म्हाताऱ्यानं डागावरून अंगठा फिरवला.

"ही आमच्या म्हातारीची हाय."

"मग विहीर झाकताना आत राहिली असेल," नवरा म्हणाला.

"न्हाई. हीर आधी झाकली. ही त्येच्यानंतरची. फडावर नेलती तिनं. परत आली न्हाई."

"घागर?" मी विचारलं.

"दोगीबी."

त्याची बायको उसाच्या फडावर तापानं गेली होती. तिकडेच तिला अग्नी दिला आणि तिची भांडीकुंडी तिथल्या झोपडीत, कोपीतच राहिली, असं त्यानं सांगितलं.

"बाबा, अशा घागरी बाजारात ढीगभर मिळतात," नवरा म्हणाला.

"ह्यो डाग मी लावलाय. चीर बुजवाया, उलथनं तापवून." एवढं बोलून त्यानं घागर खांद्यावर घेतली आणि तो निघून गेला.

मग पंप लावून विहिरीतल्या पाण्याची पातळी खाली आणली. भिंत वाळू दिली, तिच्यातले खळगे सिमेंटनं भरले, लेप दिला, वर डांबरी शीट चिकटवली आणि विहिरीच्या बाजूनं खडी भरली. मिस्त्रीची माणसं त्या बाजूला एकेकटी उतरायची नाहीत. विहिरीला कठडा बांधून वर जाळी बसवली. त्यानंतर भिंत कधी ओली झाली नाही. जीप आत उभ्या राहतात.

त्या वर्षी टोळी ऊसतोडीला गेली तेव्हा म्हातारा पहिल्यांदाच मागं राहिला. त्याची सून हंगामावरून परतल्यावर बाजारात भेटली. ती म्हणाली, मामंजी ती घागर रोज संध्याकाळी भरून दारात ठेवतात, सकाळी ती अर्धी झालेली असते.

"कुठंतरी गळत असंल," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे. उन्हाळ्यात सगळी गल्ली नेते. मी स्वयंपाकाला आणि प्यायला जारचं पाणी घेते. नवऱ्यानं त्याचं कारण मला अजून विचारलेलं नाही.