दिनकरचा हिब्रूचा वर्ग

दिनकरच्या अंत्यविधीला आम्ही सहाच जण होतो. मी, माझी बायको सुनंदा आणि आमच्या क्लेटन उपनगरातल्या घरात भाड्याने राहणारे चार विद्यार्थी. युनिव्हर्सिटीतून फुलं आली. माणूस कोणी आलं नाही. सहा आठवडे होऊन गेले, तरी ते मनातून जात नाही.

दिनकर माझा पुण्यातल्या शाळेपासूनचा मित्र. इथे युनिव्हर्सिटीत हिब्रू शिकवायचा, दर सेमिस्टरला नोकरीचा नवा करार करून. उरलेल्या वेळात एकोणिसाव्या शतकातल्या एका विस्मृत जर्मन पंडिताचं चरित्र लिहायचा. तो पंडित विणकराचा मुलगा. हिब्रू, अरबी, सिरियाक शिकून पन्नाशीत प्राध्यापक झाला. पण वर्गात शेवटी एकच श्रोता उरला. तरी व्याख्यानाची सुरुवात तो ‘सभ्य गृहस्थहो’ अशीच करायचा. हे सांगताना दिनकर हसायचा... मला हसू येत नसे.

त्या वर्षांत भारतातून इथे शिकायला मुलं लोटत होती. बहुतेक सगळी अकाउंटिंगला, कारण पुढे पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. दिनकरचा वर्ग चालायला आठ नावं हवी होती, आली चार. आमच्या स्वयंपाकघरात तो हे बोलला, तेव्हा भाडेकरूंपैकी केतकी पोळी लाटता लाटता म्हणाली, "काका, एक इलेक्टिव्ह विषय घ्यायचाच आहे. टॅक्सपेक्षा हिब्रू बरं. नो वरीज!"

"अगं, उजवीकडून डावीकडे वाचावं लागतं."

"आमचं इथे सगळं उलटंच चाललंय, काका."

आमच्या चौघा भाडेकरूंनी नावं घातली. वर्ग एक सेमिस्टर चालला. नंतर विषयच बंद झाला आणि दिनकरचा करारही संपला.

मग शनिवारी दुपारी तो आमच्या जेवणाच्या टेबलाशी शिकवू लागला. शिफ्टपायी एकेक जण गळाला, केतकी तेवढी राहिली. शेवटच्या शनिवारी तिलाही शिफ्ट लागली. मी लसूण सोलत होतो. दिनकरने पुस्तक उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सभ्य गृहस्थहो..."

"अरे, मला एक अक्षर येत नाही."

"म्हणून तर शिकवायचं!"

तासभर शिकवलं त्याने. मंगळवारी हृदयविकाराने गेला. चरित्र त्या एका श्रोत्यापाशी येऊन थांबलंय.

परवा शनिवारी केतकी कामावरून आली ती तशीच दिनकरच्या खुर्चीसमोर बसली. आपण ज्याला शेवटचं पान म्हणू, तिथून पुस्तक उघडलं, बोट ठेवून एक ओळ मोठ्याने वाचली आणि सवयीने मान वर करून थांबली. बरोबर की चूक, मला सांगता येईना. थोड्या वेळाने तिने तीच ओळ पुन्हा वाचायला घेतली.