जंतबाईंची दुसरी लस

जंतबाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. हुकवर्म म्हणजे मातीतून अनवाणी पायांत शिरणारा आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. त्याच्यावर लस शोधण्यात बाईंची अख्खी नोकरी गेली. सासूबाई पाहुण्यांना एवढंच सांगायच्या, "सूनबाई संशोधन करते," आणि कशावर ते कुणी विचारायच्या आत चहा पुढे करायच्या.

औषध कंपनीचा एक साहेब तर तोंडावर म्हणाला, "बाई, रोग छान आहे हो, रोगी चुकीचे निवडलेत. जे चपला घेत नाहीत, ते लस काय घेणार?"

"त्यांच्या पायात चपला असत्या, तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?" बाई म्हणाल्या आणि उठल्या.

बारा वर्षांनी पहिली लस तयार झाली. शहरातल्या निरोगी मंडळींना ती मानवली. मग ज्या गावात जंत घरोघरी होते, तिथे टोचली. अर्ध्या तासात तिघांच्या अंगावर गांधी उठल्या. एका शिवणकामवालीचे तर ओठ टरारून सुजले, धाप लागली. बाईंनी स्वतः ॲलर्जी उतरवणारं इंजेक्शन दिलं आणि श्वास जागेवर येईपर्यंत तिचा हात धरून बसल्या.

फोनवर बाईंच्या संस्थेचे संचालक म्हणाले, "किरकोळ पुरळ असं लिहा. डोस कमी करून पुढे जाऊ."

"किरकोळ? तुमचे ओठ एवढे सुजले असते, तर हे बोलताही आलं नसतं."

त्याच दुपारी त्यांनी चाचणी थांबवली. बारा वर्षं पाण्यात. घरी येऊन त्या ढसाढसा रडल्या. नवरा चित्रकलेचा मास्तर. एरवी सल्ल्यांची खाण. त्या दिवशी त्याने गुपचूप भांडी घासली. संसारातला त्याचा सर्वांत शहाणा दिवस.

घोळ हा होता, की लसीतलं प्रथिन गावकऱ्यांच्या शरीराला जंतांमुळे आधीच ठाऊक होतं; ते दिसताच शरीर खवळलं. मग बाईंनी जंताच्या पोटात दडलेलं, रक्त पचवणारं प्रथिन निवडलं. म्हणजे थेट त्याचं जेवणच बिघडवायचं! त्यात आणखी चौदा वर्षं गेली.

दुसऱ्या चाचणीला त्याच गावात शिवणकामवाली सात शेजारणींना घेऊन हजर.

"मला घेणार नाहीत, म्हणून ह्यांना आणलंय," ती म्हणाली. "घाबरू नका गं. ओठ सुजलेच तर बाई हात धरून बसतात."

"अहो, ही काय जाहिरात झाली?" बाई कळवळल्या.

कुणाचेच ओठ सुजले नाहीत. वर्षभराने निकाल आला: लस घेतलेल्यांमध्ये जंत निम्म्याहून कमी. प्रयोगशाळेत टाळ्या, मिठ्या, फोटो. बाईंनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि तक्ता पुन्हा वरपासून वाचायला घेतला.

"पण उरलेले जंत मेले का नाहीत?"

निवृत्तीला चार महिने होते. त्यांनी नमुन्यांचे डबे परत मागवले.